हात केला होता

यंदा ऊन हटायचं नावच घेत नव्हतं. कालव्याला पाणी उशिरा सुटलं, आणि सुटलं तसं सगळ्यांना एकदमच रोपं हवी झाली. जो तो म्हणे, आधी मला. रोपवाटिकेत जाळीखाली टोमॅटोची रोपं ट्रेमधून माना ताणून उभी होती. रोप वेळेत मातीत गेलं नाही की लांबतं, देठ सुतासारखा होतो; मग लावणाराही शिव्या घालतो आणि विकणारालाही तोंड लपवावं लागतं.

उजाडताच तिनं ट्रे टेम्पोत चढवायला घेतले होते. सासू खालून ट्रे देत होती, ती वर फळ्यांवर रचत होती. नवरा कमरेला पट्टा बांधून झारीनं पाणी मारत होता. जाळीचा सांगाडा दुरुस्त करताना तो वरून पडला, तेव्हापासून कंबरेनं जे धरलं ते धरलंच. बी पेरणं, ट्रे भरणं, गिऱ्हाइकांशी गोड बोलणं एवढं तो करी. पण टेम्पोची पायरी चढून स्टिअरिंगमागे बसणं त्याच्यानं होत नव्हतं. म्हणून गाडी ती चालवायची. शिकताना कुंपणाचे खांब आडवे केले, शेजाऱ्याची कोंबडी थोडक्यात वाचली, आणि लोकांनी तिला ड्रायव्हरीण म्हणायला सुरुवात केली. आधी चेष्टेनं, पुढे सवयीनं. तिला ते मनातून आवडायचं. तोंडावर मात्र काही दिसू द्यायची नाही.

"बागायतदाराचा परत फोन आला," नवरा म्हणाला. "बायका बांधावर बसून आहेत म्हणतो. लावणीला हात रिकामे."

"मग काय उडत जाऊ?"

"उडू नको. पण नीघ."

ती निघाली.

बाजाराच्या वळणावर रस्ता एकदम निमुळता होतो. एका अंगाला भंगारवाल्याचा ढीग, दुसऱ्या अंगाला गटार. तिथेच पुढे किल्लीवाला सायकलवर चालला होता. बाजाराच्या कोपऱ्यावर छत्री लावून बसणारा, कुलपं दुरुस्त करणारा, किल्ल्या घासून देणारा. मागच्या कॅरिअरवर त्याची लाकडी फळी उभी बांधलेली, तिच्यावर किल्ल्यांचे झुबके लटकत होते. ती बाजूनं पुढे काढायला गेली. जागा आहे असं तिला वाटलं. टेम्पोच्या बाजूच्या फाळक्याची कडी त्या फळीत अडकली आणि कडकड आवाज झाला.

तिनं ब्रेक मारला. मागे ट्रे सरकल्याचं तिला पाठीला जाणवलं. बाजूच्या आरशात पाहिलं, तर सायकल आडवी, चाक फिरतंय, किल्लीवाला रस्त्यावर बसलेला आणि त्याच्या चहूकडे किल्ल्याच किल्ल्या उन्हात चमकत पडलेल्या. त्यानं एक हात वर केला.

मागून ट्रॅक्टरवाल्यानं हॉर्न दाबून धरला.

ती गिअरवर हात ठेवून बसली. माणूस बसलाय, म्हणजे शुद्धीत आहे. रक्त दिसत नाही. हात केला, म्हणजे काही नाही झालं, जा म्हणतोय. ट्रॅक्टरवाला परत ओरडला. तिनं क्लच सोडला आणि गाडी पुढे घेतली. वळण सरलं तसा आरशात नुसता धुरळा उरला.

बागायतदाराच्या शेतावर तिनं ट्रे उतरवले. रोज ती बायकांशी दोन थट्टेचे शब्द बोलायची. आज एक ट्रे हातातून निसटला आणि रोपं पालथी पडली. वाकून ती एकेक गोळा करायला लागली, तर लावणीच्या बाईनं विचारलं, "अंगात कणकण आहे का गं? तुझ्या हातून ट्रे कधी सुटत नाही."

"उपाशी आहे, म्हणून," ती म्हणाली.

परतताना ती बाजारावरून आली नाही. कालव्याच्या कडेनं लांबच्या, खडबडीत रस्त्यानं आली. ट्रे रिकामे होते, गडबड काही नव्हती. तिकडून का आलो, हे तिनं स्वतःला विचारलं नाही, आणि उत्तर तिला ठाऊक नव्हतं असंही नाही.

घरी आल्यावर फाळक्याची कडी पाहिली. वाकली होती. तिनं हातोडीनं ती सरळ केली. सासू धान्य निवडत बसली होती. "कशाला ठोकतेस?"

"वाकली होती."

"कशानं?"

मग तिनं सांगितलं. नवराही पट्टा सावरत जवळ आला. सगळं ऐकून म्हणाला, "हात केला ना त्यानं? मग झालं तर. लागलं असतं तर बोंबलला नसता का?"

"तसंच मला वाटलं."

सासूनं सूप खाली ठेवलं. "हात कसा केला?"

"कसा म्हणजे? वर केला."

"वर सगळेच करतात," सासू म्हणाली आणि पुन्हा सूप उचललं. "संध्याकाळी जाऊन विचारून ये. कोपऱ्यावरच तर बसतो."

संध्याकाळी पाण्याचा पंप बंद पडला, तो चालू करण्यात अंधार पडला. दुसऱ्या दिवशी मिरचीची रोपं न्यायला माणसं दारात येऊन बसली. उद्या जाऊ, असं ती म्हणत राहिली. कामं खरीच होती. पण काम नसतं तरी ती गेली असती का, हा प्रश्न मनात डोकावला की ती झारी उचलायची.

मग एका सकाळी फाटकात मोटरसायकल थांबली. हवालदार उतरला. वयानं पोक्त, पोट सुटलेलं, घामानं सदरा पाठीला चिकटलेला. त्यानं टेम्पोभोवती सावकाश एक चक्कर मारली, कडीवर बोट फिरवलं, ठोकल्याच्या खुणा पाहिल्या.

"गाडी कोण चालवतं?"

ती टाकीत हात घालून ट्रे धूत होती. तोंड उघडण्याआधीच नवरा म्हणाला, "मी."

तिचे हात पाण्यातच राहिले.

"बाजाराच्या वळणावर त्या दिवशी तुम्ही होता?"

"मीच होतो. चूक झाली साहेब. घाईत होतो."

हवालदारानं त्याच्या पट्ट्याकडे पाहिलं. टेम्पोचं दार उघडून बाजूला उभा राहिला. "बसा बरं आत. गाडी थोडी मागे घ्या, कडी नीट बघू दे उजेडात."

नवऱ्यानं दाराला धरलं. उजवा पाय उचलला, तो पायरीपर्यंत पोचला. डावा वर घ्यायला गेला आणि तिथंच थांबला. कपाळावर घाम साचला. ओठ दाताखाली धरून त्यानं परत जोर केला. पाय गुडघ्यापर्यंत वर आला, लटपटला, खाली गेला. गिऱ्हाइकं मिरचीच्या ट्रेजवळ उभी राहून बघत होती. कुणी हसलं नाही. हसलं असतं तर बरं झालं असतं.

"पुरे हो," ती म्हणाली. हात तसेच ओले घेऊन पुढे झाली. "खाली या. साहेब, गाडीवर मी होते."

"अगं—"

"तुम्ही उतरा आधी."

तिनं आणि सासूनं त्याला दोन्हीकडून धरून खाली घेतलं. तो कुणाकडेच न बघता जाळीखाली निघून गेला.

हवालदारानं दार लावलं. "आत्ता बोललात ते बरं केलंत. हेच कागदावर चढलं असतं, तर खोटं सांगितलं म्हणून त्यांनाही यावं लागलं असतं. आगीतून फुफाट्यात."

"फार लागलंय का त्यांना?"

"मनगटाचं हाड चिरलंय. प्लास्टर आहे." त्यानं रुमालानं मान पुसली. "ताई, खरं सांगू? धडक फार मोठी नाही. अशा रोज चार होतात. तुम्ही थांबला असता, त्याला दवाखान्यात पोचवलं असतं, ठाण्यात येऊन सांगितलं असतं, तर टेबलावर बसून मिटण्यासारखं होतं. धडकेचा गुन्हा वेगळा आणि निघून जाण्याचा वेगळा. दुसराच जास्त जड."

"त्यांनी हात केला होता. मला वाटलं, जा म्हणाले."

"ते तिथं सांगा. गाडी घेऊन चला. आता ती तिथंच राहील, सोडेपर्यंत."

गाडीत वांग्याची रोपं भरलेली होती. सासूनं पदर खोचला आणि गिऱ्हाइकांकडे वळली. "बघत काय उभे राहिलात? उतरवू लागा." त्यांनी सगळे ट्रे उतरवले. रिकामी गाडी घेऊन ती हवालदाराच्या मोटरसायकलमागे निघाली, इतकी हळू की मागची सायकलसुद्धा पुढे गेली.

ठाण्यात किल्लीवाला बाकावर बसला होता. शेजारी त्याची बायको. त्याच्या हाताला तळव्यापासून कोपरापर्यंत पांढरं प्लास्टर आणि त्यातून बाहेर आलेली सुजलेली बोटं. नखांत अजून पितळेची काळी घाण होती, तिला ती आधी दिसली. उजवा हात होता.

"दादा," ती म्हणाली, "तुम्ही हात केलात. मला वाटलं, काही झालं नाही, जा म्हणताय."

किल्लीवाल्यानं तिच्याकडे निवांत पाहिलं. आवाज चढवला नाही.

"बाई, रस्त्यावर पडलेला माणूस कुणाला जा म्हणेल?"



"उचलायलाही कुणी नव्हतं," त्याची बायको म्हणाली. "तो ट्रॅक्टरवाला शेवटी उतरला. त्यानं किल्ल्या पोत्यात भरून दिल्या, पण सगळ्या एकात एक. कुणाची कुठली ते आता कळत नाही. लोक येतात, माझी किल्ली द्या म्हणतात. हे डाव्या हातानं शोधत बसतात."

"राहू दे," किल्लीवाला बायकोला म्हणाला.

टेबलामागच्या माणसानं तिचं म्हणणं लिहून घेतलं. तिनं आरशात दिसलं तेवढं सांगितलं. सही करताना तिनं मनगट टेबलावर टेकवलं, आणि लगेच ते उचललं.

वकील नवऱ्याच्या ओळखीतला होता. कचेरीबाहेरच्या झाडाखाली टेबल टाकून बसायचा. बोलताना पेनाचं टोपण काढायचा आणि लावायचा.

"घाबरू नका," तो म्हणाला. "हात वर होता हे तोही मान्य करतो, तुम्हीही करता. म्हणजे भांडण फक्त अर्थाचं आहे. थांब म्हणून की जा म्हणून? ते ठरवणार कोण? ट्रॅक्टरवाला मागे होता, त्याला हात दिसलाच नाही. तुम्ही ठाम राहायचं. 'त्यांनी मला जाण्याची खूण केली.' एवढं एक वाक्य. आणि आवाज स्वच्छ ठेवा."

"तसं म्हटलं तर लायसन्स राहील?" नवऱ्यानं विचारलं.

"राहण्याची शक्यता बरीच. नाही म्हटलं तर जाईल, हे मात्र नक्की. हंगाम संपेपर्यंत तरी."

घरी जाताना नवरा पाठीमागे हात बांधून सावकाश चालत होता. तीही त्याच्या चालीनं चालत होती. वाटेत तो म्हणाला, "खोटं कुठंय त्यात? तुला वाटलंच होतं तसं."

"वाटलं होतं."

"मग?"

"वाटावं असं वाटत होतं, अहो. म्हणून वाटलं."

तो थांबला. कंबरेवर हात ठेवून जरा सरळ झाला. "हे असलं कोडं कोर्टात घालू नकोस," तो म्हणाला. "वाक्य पाठ कर."

तिनं पाठ केलं. जाळीखाली कोबीचं बी पेरताना, एकेका खळग्यात एकेक दाणा टाकताना ती ते पुटपुटत राहिली. त्यांनी मला जाण्याची खूण केली. ट्रे भरला की पुढचा. वाक्य गुळगुळीत झालं, एखाद्या दगडासारखं.

कोर्टाची खोली उंच, पंखा संथ. न्यायाधीश बाईंना सर्दी झाली होती, त्या मधेमधे नाक पुसत होत्या. किल्लीवाल्याचं सांगून झालं. त्यानं दोन वाक्यांत सांगितलं आणि डावा हात मांडीवर ठेवून बसला. मग तिचं नाव पुकारलं.

"तुम्ही आरशात काय पाहिलंत?" न्यायाधीश बाईंनी विचारलं.

"सायकल पडलेली. हे बसलेले. किल्ल्या सांडलेल्या. यांनी हात वर केला."

"कशासाठी?"

वकिलानं टोपण लावलं. नवरा मागच्या बाकावर होता. त्याचा श्वास तिला ऐकू येतोय असं वाटलं.

वाक्य जिभेवर आलं होतं. तिनं ते तिथं धरलं, जरा वेळ.

"ते मला माहीत नाही," ती म्हणाली. "कशासाठी केला ते बघायला मी थांबले नाही. मागून हॉर्न वाजत होता, रोपं उन्हात होती. मी धरून चालले की जा म्हणतायत. धरून चालणं सोयीचं होतं."

वकिलानं टोपण काढलं, आणि पेन खिशात घातलं.

"नंतर ठाण्यात कळवलंत का?"

"नाही."

"दवाखान्यात विचारपूस?"

"नाही. जाईन जाईन म्हणत होते."

न्यायाधीश बाईंनी नाक पुसलं आणि लिहायला घेतलं. पेन बराच वेळ कुरकुरत राहिलं. मग त्यांनी वाचून दाखवलं, चढ-उतार नसलेल्या आवाजात, दिवसातलं कितवं तरी प्रकरण वाचावं तसं. धडकेबद्दल दंड. जखमी माणसाला मदत न करता निघून गेल्याबद्दल आणि खबर न दिल्याबद्दल वेगळा दंड. औषधपाण्याचा आणि बुडालेल्या कामाचा खर्च तिनं द्यायचा. लायसन्स हंगाम संपेपर्यंत जमा. गाडी सोडावी. खरं सांगितल्याचं ध्यानात घेऊन कैदेची शिक्षा दिलेली नाही, असंही शेवटी एक वाक्य होतं. ते वाचताना त्यांना शिंक आली.

"पुढचं," त्या म्हणाल्या.

बाहेर आल्यावर नवरा म्हणाला, "एक वाक्य बोलायचं होतं. एकच."

"हो."

"मी त्या पायरीवर सगळ्यांच्या देखत... कशासाठी चढत होतो मग?"

त्याच्या डोळ्यांत पाणी होतं, ते रागाचं होतं की कंबरेच्या कळेचं, हे विचारायची सोय नव्हती. तिनं त्याचा दंड धरला. त्यानं आधी झटकला, पण पुढे उतार होता. तेव्हा पुन्हा धरू दिला.

हवालदाराच्या ओळखीच्या एकानं गाडी घरापर्यंत आणून दिली आणि जाळीशेजारी उभी केली. ती तिथंच उभी राहिली. भाड्यानं ड्रायव्हर मिळतो का पाहिलं, पण हंगामात रिकामा ड्रायव्हर कुठला? लांबची गिऱ्हाइकं तुटली. बागायतदारानं फोनवर सांगितलं, "वाईट वाटतं ड्रायव्हरीण, पण बायका बांधावर बसवून मला परवडत नाही." जवळची गिऱ्हाइकं स्वतः येऊन नेत, किंवा ती हातगाडीवर पोचवी. टोमॅटोच्या शेवटच्या पेरणीची रोपं लांबली. देठ वाकून एकमेकांच्या अंगावर पडले. एका सकाळी तिनं ती रोपं ट्रेमधून उपटून खताच्या खड्ड्यात टाकली. मुळांना धरलेली माती झटकली, ट्रे पुन्हा धुवायला घेतले.

सासू खड्ड्याशी उभी राहून बघत होती. "लायसन्स गेलं, पाय गेले नाहीत," ती म्हणाली. "ती मिरची चढव हातगाडीवर. ऊन वाढायच्या आत जाऊन ये."

हातगाडी ओढून तिच्या खांद्याला घट्टे पडले. चढावर नवरा मागून लोटायला यायचा. लोटताना त्याला कंबर वाकवावी लागत नसे, उलट सरळ ठेवावी लागे, आणि वैद्यानं सांगितलेल्या व्यायामापेक्षा ह्यानंच त्याला आराम पडायला लागला. तो तिच्याशी कामापुरतं बोलत होता. मग एक दिवस चढाच्या मधोमध म्हणाला, "डावीकडे खड्डा आहे. आंधळी आहेस का?" आणि तिला कळलं, राग उतरला.

किल्लीवाल्याच्या कोपऱ्यावर ती एकदाच गेली होती, खर्चाचे पैसे पोचते करायला. त्याची बायको लोखंडी पकडीत किल्ली धरून बसली होती आणि तो डाव्या हातानं कानस चालवत होता. किल्ली बिघडली. त्यानं ती डब्यात टाकली. ह्यात मला काही करता येईल का, असं तिनं विचारलं. "नाही," तो म्हणाला. ती निघून आली.

हंगाम सरत आला. जाळीखाली जागा रिकामी होत चालली. एका दुपारी फाटकात सायकल थांबली आणि किल्लीवाला आत आला. प्लास्टर निघालं होतं. मनगट दुसऱ्यापेक्षा बारीक दिसत होतं, त्वचा फिकट.

नवरा ट्रेमागून उठून उभा राहिला. सासूनं पाण्याचा तांब्या आणला. किल्लीवाला पाणी प्यायला, त्यानं तोंड पुसलं.

"मिरचीची रोपं आहेत?" त्यानं विचारलं. "घरी पत्र्याचे डबे आहेत रिकामे. बायको म्हणते, लावू."

"आहेत," ती म्हणाली.

तिनं जाळीखाली जाऊन रोपं निवडली. बुटकी, देठानं जाड, पान गडद. एकेक उचलून मूळ पाहिलं. ओल्या कागदात गुंडाळून जुडी बांधली आणि त्याच्यापुढे धरली.

"किती झाले?"

"राहू द्या दादा. एवढ्याचं काय?"

त्यानं जुडी घेतली नाही. खिशातून पैसे काढले.

"फुकट घेतली, तर तुम्हाला वाटेल मिटलं," तो म्हणाला. "मिटलेलं नाही, बाई. बारीक किल्लीला हात अजून साथ देत नाही. दवाखान्यात कधी म्हणतात देईल, कधी म्हणतात नाही देणार. तेव्हा पैसे घ्या. मला रोपं हवीत, आणि तुमच्याकडची चांगली असतात असं लोक म्हणतात. तेवढंच."

नवऱ्यानं काही बोलायला तोंड उघडलं. सासूनं त्याच्याकडे बघितलं. त्यानं मिटलं.

तिनं पैसे घेतले, सुटे परत केले. "संध्याकाळी लावा," ती म्हणाली. "लावल्यावर पहिले काही दिवस सावलीत ठेवा. मुळाशी पाणी साचू देऊ नका, मिरचीला ओल सोसत नाही."

"किती दिवसांनी धरते?"

"फूल लवकर येईल. पहिली फुलं खुडून टाका, जीव होत नाही पण टाका. झाड दणकट होतं."

"बरं," तो म्हणाला. मग जुडी हातात घेत, "कीड पडली तर?"

"पान घेऊन या. बघून सांगेन."

त्यानं मान हलवली. जुडी टोपलीत ठेवून सायकल फाटकाबाहेर काढली आणि डाव्या हातानं हॅंडल धरत बसला. ती जाळीखाली परत आली. मिरचीचे अजून काही ट्रे राहिले होते, आणि उन्हानं त्यांची माती सुकायला लागली होती.